तिकीटखिडकीतली आई

लॉरल फोर्ज, पेनसिल्व्हेनिया
रविवार, २८ नोव्हेंबर १९९३

प्रिय बर्नीताई,

धाकट्या सिरिलचा न. वि. वि.

उशीर झाला, कबूल आहे. मुद्दाम टाळत होतो हेही कबूल. मेनमध्ये सफरचंदांच्या बागेत होतो तेव्हाच तुझा पत्ता घालून पाकीट तयार ठेवलं होतं, पण ते शर्टाच्या खिशात राहिलं आणि शर्टाबरोबर धुतलं गेलं. त्या बागेच्या मालकाची बकरी त्याच्या बिछान्यात झोपायची. बकरीचं राहू दे, पुन्हा कधी तरी. सांगायचं हे की मी घरी आलोय, बाबांकडे. महिना होत आला. फोन केला असता, पण फोन स्वयंपाकघरात आहे आणि बाबा दिवसभर त्याच्या खालीच बसलेले असतात. त्यांच्यासमोर त्यांच्याबद्दल काय बोलणार?

तब्येत बरी आहे त्यांची. खातात, दाढी करतात, रविवारी चर्चला जातात. बोलत मात्र नाहीत. मी आल्यावर म्हणाले, बूट बाहेर काढ. दुसऱ्या दिवशी म्हणाले, तुला रंगकाम येतं का. तेवढंच.

रंगकाम अर्केडियाचं. आईने जिथे वीस वर्षं तिकिटं विकली ते आपलं अर्केडिया थिएटर पुन्हा उभं राहिलंय, तुला कळलंच असेल. आपण लहान असताना बंद पडलं, मग कबुतरं झाली, मग छत गळालं. आता कमिटीने सगळं मूळच्यासारखं केलंय. लाल मखमलीच्या खुर्च्या, सोनेरी कठडे, छतात चांदण्यांचे बारीक दिवे. भिंतीवरच्या देवदूतांची नाकं गेली होती, ती प्लास्टरची नवीन बसवून रंगवायचं काम मला मिळालं. एका देवदूताला चुकून फादर डोमिनिकचं नाक आलंय. अजून कोणाच्या लक्षात आलं नाही.

तर या नाताळात त्या स्टेजवर आपल्या तळघरातली छोटी खेळण्यातली रेल्वे, तिच्या गावासकट, मांडायची आहे. आजारी पडण्याआधी आईनेच कमिटीला शब्द दिला होता, म्हणून बाबांना नाही म्हणता आलं नाही. फळ्या कापून, रूळ सोडवून, डोंगर दोन तुकड्यांत करून आम्ही सगळं गाव शेजाऱ्यांच्या ट्रकमधून नेलं. येत्या शनिवारी उघडणार.

अडलंय ते प्रवासी गाडीवर. ती बाबा बाहेरच काढत नाहीत.

कमिटीची अध्यक्ष मिसेस ॲशवर्थ फिलाडेल्फियाहून आलेली आहे, तिला आपल्याकडचं काही माहीत नाही. तिने मला बाजूला घेऊन विचारलं की एवढी सुंदर गाडी खोक्यात का, आणि तिच्या खिडक्यांतून ही माणसं अशी टक लावून का बघतात. मग मला सगळं सांगावं लागलं. आमची आई बोटभर उंचीची शिशाची माणसं पोस्टाने मागवायची आणि रंगवून गावातल्या खऱ्या माणसांसारखी करायची. खाटकीण बाईंनी निळा कोट घेतला की त्या हिवाळ्यात बाहुलीचा कोटही निळा. आणि गावातलं कोणी गेलं, की नोव्हेंबरच्या दोन तारखेला, सर्व मृतांच्या दिवशी, स्मशानात मेणबत्त्या लावून घरी आल्यावर आई ते माणूस रस्त्यावरून उचलायची आणि गाडीत बसवायची. नाताळात सगळं गाव आमच्या तळघरात यायचं ते गाडी बघायला नव्हे, आपापलं माणूस खिडकीतून जाताना बघायला. मिसेस ॲशवर्थ रुमाल शोधत राहिली.

ताई, आई अजून गाडीत बसलेली नाही. रेल्वेच्या गावातल्या छोट्या अर्केडियाच्या तिकीटखिडकीत ती उभी असायची ना, हिरवा स्वेटर घालून? ती खिडकी आता रिकामी आहे. बाबांनी तिला खोकल्याच्या गोळ्यांच्या डबीत कापूस घालून ठेवलंय, आणि डबी शर्टाच्या खिशात. आणि तिच्याशिवाय गाडी सोडायची नाही, असं त्यांचं असावं. विचारलं तर म्हणतात, मोटर जळली. मी मोटर तपासली. ठणठणीत आहे.

तू नाताळात येशील का, असं विचारणार नाही. विचारलं असं समज.

लोभ आहेच, तो आटू देऊ नकोस.

तुझा,
सिरिल


डेटन, ओहायो
शुक्रवार, ३ डिसेंबर

चि. सिरिल यास,

अ. आ., पण कान पिळून.

नऊ महिन्यांत एक पत्र, आणि त्यात बकरी. वॉल्टला वाचून दाखवलं, तर तो म्हणे, या मुलाला बकरीनेच वाढवायला हवं होतं. मुलं मजेत आहेत. रोझमेरीचा पुढचा दात पडला. माझी या महिन्यात रात्रपाळी आहे, तीही हृदयविकाराच्या वॉर्डात.

तू घरी आहेस हे वाचून बरं वाटलं. त्यांच्याजवळ कोणीतरी आहे. ते कोणीतरी मी असू शकत नाही, आणि का ते तुला माहीत आहे, तरी एकदा लिहूनच टाकते. तू मातीच्या आदल्या दिवशी आलास, आधीचं इस्पितळातलं तू पाहिलं नाहीस. डॉक्टरांनी समजावून सांगितलं की आता फक्त यंत्र श्वास घेतंय, आई नाही. बाबा उठून व्हरांड्यात गेले आणि भिंतीवरची आग लागल्यास काय करावे ही पाटी वाचत उभे राहिले. मी दोनदा हाक मारली, त्यांनी वळून पाहिलं नाही. मग सही मी केली. यंत्र थांबवलं तेव्हा तिचा हात माझ्या हातात होता, दुसरा हात रिकामा होता. परत येताना गाडीत बाबा एवढंच म्हणाले, की सही करताना तुझा हात साधा थरथरलासुद्धा नाही. मी गाडी चालवत होते. उत्तर दिलं नाही, अजून दिलेलं नाही.

मोटरचं तू म्हणतोस ते बरोबर आहे, पण अडलंय कशावर ते तुझ्या लक्षात आलेलं नाही. तू लहान होतास, तुला वर झोपायला पाठवायचे. शिशाच्या उभ्या माणसाला गाडीतल्या खुर्चीवर कसं बसवतात माहीत आहे का? बसत नाही तो. गुडघ्याखाली पाय कापावे लागतात. आई बारीक पक्कड वापरायची, मग कानस फिरवायची. एकाने चिमट्यात धरायचं, दुसऱ्याने कापायचं. मी धरायचे, ती कापायची, आणि कापताना त्या माणसाशी बोलायची, की झालं हं, आता बसूनच जायचंय, चालायचं काही नाही. फक्त आजी गेली तेव्हा आईला ते जमलं नाही. तिने धरलं, आणि मी कापलं. बारा वर्षांची होते. बाबा तेव्हाही जिन्यावर उभे होते.

तेव्हा मोटरवरून त्यांना छेडू नकोस. त्यांच्या खिशात काय आहे ते त्यांना पुरेपूर माहीत आहे.

स्वेटर घाल. फादर डोमिनिकचं नाक खरवडून काढ.

रागासकट माया करणारी,
बर्नी


लॉरल फोर्ज
गुरुवार, ९ डिसेंबर

प्रिय बर्नीताई,

न. वि. वि.

तुझं पत्र मी कोळशाच्या शेडमागे उभा राहून वाचलं. तुझ्या त्या पत्राला उत्तर देण्याएवढी अक्कल मला नाही, म्हणून इथलंच सांगतो.

शनिवारी उघडलं. दुपारपासून रांग फुटपाथवरून बेकरीपर्यंत. लॉबीत चर्चच्या बायका बटाटा भरलेल्या, कांद्यात परतलेल्या पिरोही विकत होत्या, त्यामुळे सगळ्या मखमलीला कांद्याचा वास लागलाय आणि मिसेस ॲशवर्थ हवालदिल झालीय. लोक खुर्च्यांमधून पुढे यायचे, बाजूच्या पायऱ्यांनी स्टेजवर चढायचे, रेल्वेभोवती फिरून दुसऱ्या बाजूने उतरायचे. वर चांदण्या, खाली आपलं गाव, गिरणीच्या खिडक्यांत दिवे. मुलं खूश होती. कोळशाची गाडी, दुधाची गाडी, बोगदा, शिट्टी. बाबा रेल्वेची जुनी टोपी घालून गाड्या चालवायच्या ट्रान्सफॉर्मरपाशी बसले होते.

मोठी माणसं मात्र बघत राहायची. एक फेरी, दोन फेऱ्या. मग माझ्याकडे बघायची, आणि मी छताकडे बघायचो.

शेवटी पेत्रिला आजी आल्या. पंच्याऐंशीच्या आहेत, येताना भिंग घेऊन येतात, कारण त्यांचे मिस्टर तिसऱ्या खिडकीत बसतात, शिकारीची टोपी घालून. स्टेजवर चढायला दोघांनी धरावं लागलं. कोळशाची गाडी चार वेळा गेली. मग त्यांनी सगळ्यांसमोर बाबांना विचारलं की आंद्रेय, माझ्या म्हाताऱ्याला कुठे डांबून ठेवलंयस. बाबा म्हणाले, मोटर जळलीय. त्यावर त्या म्हणाल्या की चाळीस वर्षं तू रेल्वेच्या यार्डात डबे दुरुस्त केलेस, मला मोटरच्या गोष्टी सांगतोस होय. मग जरा हळू म्हणाल्या, की बाबा रे, पुढच्या नाताळात मी बघायला नसेन, आतून बघत असेन. तेव्हा या वर्षी तरी दाखव.

बाबांनी हात खिशावर ठेवला. बसले तसेच राहिले. आजींना घेऊन लोक खाली उतरले.

आता मी काय केलं ते. सोमवारी थिएटर बंद असतं. मी आईच्या डब्यातून पक्कड काढली, आणि म्हटलं आधी सराव करू. रंग न दिलेली दोन-तीन माणसं शिल्लक आहेत. पहिल्याचा पाय मांडीतून गेला. दुसऱ्याची कंबर वाकडी झाली. माझे हात तंबू उभारायला, पिंपं उचलायला ठीक आहेत. फ्लोरिडातल्या जत्रेत मी आकाशपाळण्याचा अख्खा खांब एकट्याने... असो. मी तिसरा हातात घेतला तेव्हा बाबा विंगेत उभे होते. किती वेळ, माहीत नाही. जवळ आले, माझ्या हातातून पक्कड घेतली, ते वाकडं झालेलं शिसं बोटाने सरळ करत बसले. मग म्हणाले, ती मला ओळखते, मी तिला पक्कड कशी लावू. एवढं मोठं वाक्य त्यांनी मार्चमध्ये आई गेल्यापासून पहिल्यांदा उच्चारलं असेल.

मी म्हटलं, बर्नीला बोलावू का. त्यांनी मान हलवली, नको अशी. आणि म्हणाले, तिला मी कुठल्या तोंडाने सांगू.

हे तुला कळवू नये असं त्यांना वाटत असणार. म्हणून कळवतोय. ताई, ये. एका दिवसासाठी ये. पेत्रिला आजींसाठी ये, हवं तर माझ्यासाठी ये. नाही तर मी नाताळनंतर निघेन, दक्षिणेकडे कुठेतरी, आणि ते डबी घेऊन स्वयंपाकघरात बसतील.

वाट बघणारा,
सिरिल

ता. क. नाक खरवडलं. आता तो देवदूत मिसेस ॲशवर्थसारखा दिसतो.


डेटन
बुधवार, १५ डिसेंबर

चि. सिरिल यास,

अ. आ.

सकाळी पाळीवरून येऊन बसलेय, दुपार कलली तरी पायांत बूट तसेच आहेत. तुझं पत्र दोन दिवस फ्रिजवर पडून होतं. वॉल्टने विचारलं की बाई, वाचलंस तरी का. वाचलं. पाठ झालंय.

मी येणार नाही.

तुला वाईट वाटेल, वाटू दे. मला पेत्रिला आजींचा चेहरा दिसतो, भिंग दिसतं. त्या तिसऱ्या खिडकीतल्या टोपीला लाल रंग मीच दिला होता. पण सिरिल, मी एकदा केलं. त्यांना बघवत नव्हतं, म्हणून मी बघितलं. आणि त्याचं बक्षीस म्हणून गाडीत ते वाक्य ऐकलं. आता शिशाच्या आईलाही मीच पक्कड लावू, ते जिन्यावर उभे राहणार, आणि घरी जाताना पुन्हा म्हणणार का, की बघा, हिचा हात? इतकी वर्षं वॉर्डात काढली म्हणून सगळ्यांना वाटतं की हिला काही होत नाही. परवा एका म्हातारीच्या उशाशी हिरवा स्वेटर होता. मी औषधांच्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं. हे वॉल्टलाही माहीत नाही.

थरथरला होता रे हात. सहीनंतर. पेनाचं टोपण लावता येईना, ते तसंच तिथे टाकून आले. पण तेव्हा बघायला कोणी नव्हतं.

आजींना सांग, की बर्नीने क्षमा मागितलीय. नाही तर सांगू नकोस. गाडीवर नीट झाकण घाल, थिएटरच्या हिटरने रंगाला तडे जातात. आणि नाताळच्या जेवणाला बाबांना एकटं बसवू नकोस. बोबाल्कीच्या गोड पावगोळ्यांत खसखस जास्त घाल, आई घालायची तेवढी, ते मागणार नाहीत पण

थांब. दारावर कोणीतरी आहे. वॉल्ट किल्ली विसरला असेल.

सिरिल, बाबा आलेत.

एकटे. बसने. रात्रभर आणि वर अर्धा दिवस बसून, पिट्सबर्गला बदलून. जन्मात ज्यांनी बसच्या नावाने बोटं मोडली ते. तुला सांगून निघालेले दिसत नाहीत, म्हणून हे पाकीट आजच टाकते, आणि फोनही करते, तू यार्डात शोधत फिरू नकोस. मी दार उघडलं तर टोपी हातात धरून उभे. किती बारीक झालेत, तू लिहिलं नाहीस. आत घेतलं, बसा म्हटलं, तर बसत नाहीत, कोट काढत नाहीत. रोझमेरी त्यांच्या गुडघ्यापाशी उभी राहून पडलेल्या दाताची जागा दाखवतेय, आणि ते वाकून खरोखरच बघतायत.

आत्ता त्यांनी खिशातून डबी काढून टेबलावर ठेवली. शेजारी आईची पक्कड ठेवली, रुमालात गुंडाळलेली. माझ्याकडे न बघता विचारलं की या घरात सगळ्यांत चांगला उजेड कुठे असतो. मी म्हटलं, स्वयंपाकघरातल्या खिडकीपाशी, पण सकाळीच. तर म्हणाले, मग सकाळपर्यंत थांबतो.

आणि म्हणाले, तू काप. तिला मी धरतो.

त्यांना कॉफी करते. बाकी फोनवर.

बर्नी