दत्ताभाऊंना आज हाक आली नाही
मंगळवार, संध्याकाळ. मंचर.

आज ऑफिसात मी बनवलेला प्लॅटफॉर्म सुरू झाला. प्रोग्रामरनं बटण दाबलं, की तपासणी होऊन त्याचा कोड आपोआप सर्व्हरवर चढतो. आजवर हे काम दत्ताभाऊ हातानं करायचे आणि सगळे त्यांची वाट बघत बसायचे. आज कुणीच खोळंबलं नाही. साहेब खूश. टाळ्या वाजल्या, दत्ताभाऊंनीही वाजवल्या.

चहाला म्हणाले, "लई भारी केलंस, राव. सकाळपास्नं मला कुणी हाकच मारली न्हाई."

हसून म्हणाले. पण ते हसणं होतं का? आता त्यांनी काय करायचं, हे माझ्या मनातही आलं नव्हतं.

निघताना म्हटलं, "भाऊ, उद्यापासून माझ्यासोबत प्लॅटफॉर्मच्या कामाला बसा."

"साहेबांना इचारलंस का?"

विचारलं नव्हतं. साहेब म्हणतील, "एका बटणाला दोन माणसं कशाला?" ते आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.