बारक्याची खुर्ची

मी, खाली सही करणारी, वय वर्षे चौऱ्याहत्तर, धंदा सोफे व खुर्च्यांचे गादीकाम, आज पूर्ण शुद्धीत आहे. गुडघे गेले आहेत, पण सही गुडघ्याने करायची नसते. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. असता तर तो टिकला नसता. माझे आधीचे मृत्युपत्र याद्वारे रद्द समजावे. त्यात "धाकट्या भावाच्या घरातल्या कोणालाही माझ्या मिळकतीतला खिळासुद्धा मिळू नये" असे वाक्य होते. वाक्य झकास होते, तरी रद्द.

१. दुकानावरचे राहते घर माझा मुलगा व मुलगी यांना समसमान मिळावे. मुलगा दरवर्षी वडिलांचा फोटो मोबाईलवर लावून खाली "सदैव आमच्या मनात" असे लिहितो. वडील मनात असतात आणि त्यांनी बसवलेला स्वयंपाकघरातला नळ वर्षभर गळत असतो. तो नळ स्वतःच्या हाताने दुरुस्त केल्यावरच मुलाचा हिस्सा त्याच्या नावे व्हावा. मुलीला अट नाही. ती दर आठवड्याला माझ्याशी भांडायला येते, म्हणजे येते. या कागदाची अंमलबजावणी तिनेच करावी.

२. बँकेतली शिल्लक दोघांनी वाटून घ्यावी. त्याआधी वाचनालयातल्या खुर्च्यांचे गादीकाम नव्याने करून द्यावे. माझ्या नावाचा दगड, पाटी, बाक काहीही करू नये.

३. आता खालचे दुकान. माझ्या वडिलांच्या वेळी ते भाड्याचे होते, पुढे मी स्वकष्टाने विकत घेतले, त्यामुळे त्यावर दुसऱ्या कोणाचा हक्क नाही. त्याची व्यवस्था मी का बदलली ते लिहून ठेवते, नाहीतर माझ्यामागे "म्हातारीचे डोके फिरले होते" म्हणायला मुलगा मोकळा.

बाई, म्हणजे निवृत्त शिक्षिका, शनिवारी सकाळी वाचनालयात इब्री, म्हणजे ज्यू, लोकांचे जुने धर्मग्रंथ समजावून सांगतात. मी तिथे खुर्च्या दुरुस्त करायला गेले आणि ऐकत राहिले. त्या ग्रंथांत आठवण नुसती मनात येऊन बसत नाही, असे बाईंचे म्हणणे. पुरात तरंगणाऱ्या माणसाची देवाला आठवण होते, तेव्हा वारा सुटतो आणि पाणी ओसरू लागते. मूल नसलेल्या बाईची आठवण होते, तेव्हा तिची कूस उजवते. उलट तुरुंगातला एक जण सोबत्याला म्हणतो, सुटलास की माझी आठवण ठेव. सोबती सुटतो, आणि हा आत खितपत पडतो.

"त्याला चेहरा आठवतही असेल," बाई म्हणाल्या. "पण तोंड उघडलं नाही ना? मग तो विसरलाच."

माझ्या तोंडात खिळे होते, म्हणून मी गप्प राहिले.

४. वडील गेल्यावर माझा धाकटा भाऊ, ज्याला सगळे बारक्या म्हणत, एका सकाळी टेम्पो घेऊन आला आणि दुकानातले मोठे शिलाई मशीन उचलून घेऊन गेला. विचारले नाही, सांगितले नाही. पलीकडच्या टोकाला त्याने स्वतःचे दुकान थाटले. मी कितीतरी दिवस जाड रेक्झिन हाताने शिवले. बोटे अजून वाकडी आहेत. आईने शेवटच्या आजारात माझा हात धरून सांगितले, "बारक्याला विसरू नकोस." मी हो म्हटले आणि शब्द पाळला. त्याचा विषय घरात काढायचा नाही असा नियम केला, आणि नियम पाळला जातो की नाही हे बघण्यासाठी रोज त्याचीच आठवण ठेवली. तो वारला तेव्हाही गेले नाही.

हे मी बाईंना तोऱ्यात सांगितले. त्या म्हणाल्या, "बरं. आठवलं. मग पुढे काय केलंत?"

पुढच्या शनिवारी त्यांनी एका राजाची गोष्ट काढली, आणि ती माझ्यासाठीच काढली होती. राजाचा जिवलग मित्र लढाईत पडलेला. मित्राचा बाप म्हणजे राजाच्या जिवावर उठलेला वैरी. तरी राजा विचारतो, त्या घरातले कोणी उरले आहे का? मित्राचा मुलगा सापडतो, दोन्ही पायांनी अधू. राजा त्याला आजोबाची जमीन परत देतो आणि रोज आपल्या पंगतीला बसवतो.

"म्हणजे वैऱ्याला माफ केलं म्हणा की."

"तसं काही तिथे लिहिलेलं नाही. जमीन दिली, जेवायला बसवलं, एवढंच आहे."

एवढे मला जमण्यासारखे होते. सबब येथे स्पष्ट नमूद करते की बारक्याला मी माफ केलेले नाही. हे मी आईसाठी करते आहे.

५. बारक्याची मुलगी, म्हणजे माझी भाची, त्याच मशीनवर बसगाड्यांच्या सीटा शिवते. जागामालकाने तिला महिनाअखेर जागा खाली करायला सांगितले आहे. ही खबर स्पंजवाल्याची. तो मला आयुष्यभर पातळ स्पंज जाड म्हणून विकत आला, पण खबर पक्की देतो. सबब दुकान, हातोड्या, वाकड्या सुया व कापायचे टेबल माझ्या पश्चात भाचीला मिळावे. मशीनही त्यायोगे परत येईल. ते परत आणायचा दुसरा उपाय मला आजवर सुचलेला नाही.

हे वाचून बाई म्हणाल्या, "छान लिहिलंय. पण तिची जागा या महिन्यात जातेय, आणि तुम्ही तर ठणठणीत आहात."

सबब दुरुस्ती: मालकी माझ्या पश्चात, पण ताबा आजपासून.

६. स्वयंपाकघरातले टेबल व त्याच्या चार खुर्च्या विकू नयेत. चौथी बारक्याची, इतकी वर्षे माळ्यावर होती. ती उतरवून मी नव्याने भरली आहे. दर शनिवारी दुपारी माझ्या मुलांनी भाचीसोबत या टेबलावर जेवावे. नुसते "ये गं कधीतरी" म्हणणे हे बोलावणे धरले जाणार नाही.

७. हे कलम साक्षीदारांसमोर लिहीत आहे. भाचीला मी फोनवर फक्त "दुपारी ये, कागद आहे" एवढेच सांगितले होते. ती आली ती खिशातून पेन काढतच.

"हक्क सोडल्याची सही ना? बाबा म्हणायचे, एक दिवस बोलावणं येईल. दाखवा कुठे करायची. मला वाद नको."

"तुला सही करता येणार नाही," मी म्हणाले. "ज्याला मिळतं त्याने साक्षीची सही करायची नसते, असं वकिलांनी सांगितलंय." आणि दुकानाची किल्ली तिच्यापुढे ठेवली.

तिने पेन परत खिशात ठेवले. बाईंनी तिच्यासाठी चौथी खुर्ची ओढली. बसण्याआधी तिने तळव्याने बैठक दाबून पाहिली, आपल्या धंद्यातली माणसे पाहतात तशी.

"या कोपऱ्यात काथ्या कमी पडलाय, आत्या."

जगात मला आत्या म्हणू शकणारी ती एकटीच आहे. सबब तो कोपरा तिनेच उसवून नीट भरावा. मी शेजारी बसून बघेन.

ठिकाण: वर नमूद टेबल
दिनांक: शनिवार, जेवणाआधी

लिहून ठेवणार: गादीवाली (सही)

आमच्यासमोर सही झाली:
१. वाचनालयातल्या बाई (सही)
२. स्पंजवाला (सही; स्पंजाबद्दलचा मजकूर मान्य नाही)