अ‍ॅडजस्ट कोणी करायचं?

मंगळवार, १२ ऑगस्ट २००८

आज सोसायटीचे सेक्रेटरी माझाच चहा पिऊन सांगून गेले, “बाई, त्या मुलीला दुसरीकडे खोली बघायला सांगा. रात्री तिची गाडी येते, लोकांची झोपमोड होते. आपण जरा अ‍ॅडजस्ट करा.”

ती मुलगी म्हणजे माझ्या मागच्या खोलीत भाड्याने राहणारी वैशाली. अमरावतीची. खराडीला कंपनीत रात्रपाळी करते, ने-आण कंपनीच्या गाडीने.

शाळेत आमच्या कॉन्व्हेंटच्या सिस्टर ‘अ‍ॅडजस्ट’ हा शब्द कॉलर आणि बेल्ट नीट करण्यापुरता वापरायच्या. मग तो एवढा पसरला कसा? स्वारगेटच्या बसमध्ये त्याचा अर्थ सरकून बसा. लग्नाच्या जाहिरातीत, तोंड न उघडणारी मुलगी. वाण्याकडे, सुटे नाहीत, गोळ्या घ्या. अर्थ कितीही असोत, हलायचं समोरच्याने. सेक्रेटरींनी कधीच नाही.

वैशालीने आतून सगळं ऐकलं होतं. म्हणाली, “काकू, मी करते अ‍ॅडजस्ट. बघते दुसरी खोली.”

इतक्या सहज? मग सहा महिने माझी गुळाची आमटीही अशीच खाल्ली की काय? विचारलं.

“आमच्याकडे नाही टाकत गूळ,” ती खाली बघत म्हणाली. “पण चालते.”

तशीच खाली जाऊन सेक्रेटरींना सांगितलं, “गाडी गेटबाहेर थांबेल, हॉर्न वाजणार नाही. मुलगी इथेच राहणार. आता आपण जरा अ‍ॅडजस्ट करा.” चेहरा बघण्यासारखा झाला होता.

उद्या आमटीत गूळ नाही. माझ्या घशाखाली उतरते का, बघायचं.