रूपानं घ्यायचे पाने

प्रिय रूपा,

तुझी आई फोन स्पीकरवर ठेवून बोलती, हे तुला आता कळायला पाहिजे. परवा तू तिला म्हणालीस, अप्पाच्या हत्यारांच्या पेटीत काय काय असतं ते बघून लिहून घे, मला स्कुटीसाठी घ्यायचंय, पण त्यांना सांगू नको. मी मोरीपाशी तोंड धूत व्हतो. सगळं ऐकू आलं. मग ती पेटी उघडून बसली आन् पक्कडीला पाना, पान्याला पेचकस लिहायला लागली. म्हटलं, सोड, मीच लिहितो. फोन केला तर तू "बरं हाय अप्पा, आईला द्या" म्हणतीस. अकरा महिने हेच चाललंय. अकरा महिने तू गंगापूरला पाय ठेवला नाय. पत्र काय आईला देता येत नाय, म्हणून पत्र.

माझी पेटीच ने म्हणून आई तुला म्हणाली, तेव्हा "अप्पाचं नको, माझं मी घेते" म्हणालीस. ते पण ऐकलं. बरोबर हाय तुझं. घे. पण नीट घे.

मोबाइलवर तू एकशे आठ नगांची पेटी बघून ठेवलीस म्हणं. एकशे आठ मणी जपमाळेला लागतात, स्कुटीला नाय. त्यातल्या नव्वद वस्तूंना तुझा जन्मात हात लागणार नाय, आन् ज्यांना लागंल त्या कच्च्या लोखंडाच्या. दोनदा जोर लावला की पान्याचं तोंड फाकतं, नट गोल होतो, मग तो गोल झालेला नट काढायला मेस्तरी अख्ख्या पेटीएवढे पैसे घेतो. सव्वीस वर्षं मी गंगापूर ते शहर काळीपिवळी जीप चालवली ती बारा-तेरा वस्तूंवर. त्यातलं एक तर तुझ्या आईचं उलथनं व्हतं. ती अजून शेजारणीवर आळ घेती.

तुला पाच पाने बास. आठ, दहा, बारा, चौदा, सतरा नंबरचे. एका टोकाला रिंग, दुसऱ्याला उघडं तोंड, असले घे. स्क्रू खोलायला एक पेचकस, ज्याचं पातं उलटंसुलटं करता येतं. पक्कड एक. प्लग खोलायचा पाना गाडीचं नाव सांगून घे, अंदाजानं नको. पायानं मारायचा पंप घे, सकाळी सहाला हवावाला उठलेला नसतो आन् तुला लोकांच्या घरी रक्ताचे नमुने घ्यायला वेळेवर पोचावं लागतं. संपलं. हजार-बाराशेत सगळं होतं. बाकी कुणी काय गळ्यात मारलं तर नाय म्हण आन् चालायला लाग.

शहागंजात शौकतच्या दुकानात जा. आता त्याचा पोरगा अझहर बघतो, शौकत कोपऱ्यात खुर्ची टाकून बसतो आन् गिऱ्हाइकाला उपदेश करतो. अझहर विचारंल, "भाईसाब के लिए चाहिए क्या बाजी?" तिथं गप बसू नको. "मेरे लिए" म्हण. पहिला भाव सांगितला की तोंड वाकडं कर. दुसरा सांगितला की माझं नाव सांग, कारभारीची पोरगी म्हण. आधीच नाव सांगितलं तर तो चहा पाजतो आन् भाव तोच ठेवतो, बापासारखाच लबाड हाय. जाताना स्कुटीचा एखादा जुना बोल्ट पर्समधी घेऊन जा. पाना त्याला लावून हलवून बघ, खडखडला तर ठेव माघारी. चकाकी बघू नको. वापरलेला पाना मिळाला तर नव्यापेक्षा बरा, कुणीतरी जोर लावून बघितलाय आन् तो तुटला नाय.

गंज काढायचा फवारा इकत घेऊ नको, लई महाग. नटावर थोडं डिझेल सोड, चहा पी, मग पाना लाव. घाई करू नको, हे मी सांगतोय म्हंजे बघ. काढलेले नट ताटलीत ज्या क्रमानं निघाले त्याच क्रमानं मांड. हात पुसायला जुना परकर फाड. आन् ब्रेकच्या पट्ट्यांना तेलाचं बोट लागू देऊ नको. ब्रेक आवळला की मागचं चाक हातानं फिरवून बघ. मोकळं फिरलं पाहिजे आन् दांडी दाबली की जागेवर थांबलं पाहिजे. दोन मिनिटांचं काम हाय.

दोन मिनिटांचं. ते मला तुझ्यापेक्षा जास्त म्हाईत.

खंडेनवमी व्हती. पाने, हातोडी, जॅक सगळं धुऊन पाटावर मांडलेलं, हळदकुंकू लावलेलं. दसऱ्यापर्यंत उचलायचं नाय ही आपली रीत. तू निघताना म्हणालीस, अप्पा, मागचा ब्रेक लागत नाय, पहाटे ड्युटी हाय, थांबता येत नाय. तुम्ही बसा, पाना द्या, मी आवळते. आन् मी म्हणालो, पूजेतलं हत्यार उचलत नसतात, बाईमाणसानं तर नायच नाय. तू पाटाकडं बघितलंस, माझ्याकडं बघितलंस, गाडी चालू केलीस. ढोरेगावच्या अलीकडं ट्रॉली आडवी आली. मनगट मोडलं. तीन महिने तुला सुई धरता आली नाय, तुझ्या जागी दुसरी पोरगी घेतली, परत शून्यापासून घरं धरावी लागली तुला. आन् मी दवाखान्यात येऊन काय बोललो, तर "हळू चालवायचं ना." जावईबापू तोंड फिरवून खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. तू डोळे मिटून घेतलेस. झोपली नव्हतीस, मला कळतं.

पुढं शौकतकडं गेलो तेव्हा त्याला हे सांगितलं. वाटलं, तो तरी म्हणंल, रीत ती रीत. तो चष्मा पुसत म्हणाला, "कारभारी, लोहा कायकू बुरा मानता रे? बेटी मानती." मी अर्धा चहा तसाच ठेवून उठलो. चार महिने त्याच्याकडं फिरकलो नाय. खरं बोलणाऱ्याचा मला राग येतो, तुझ्या आईला विचार.

आता ज्याच्यासाठी एवढा कागद भरला ते. रीत-बीत काय नव्हतं रूपा. तू लहान असताना एका नवमीलाच जीप फाट्यावर बंद पडली व्हती, अकरा सवाऱ्या उन्हात. मी चालत घरी आलो, पाटावरचे पाने उचलले, हळद पुसली आन् गेलो. देव काय बोलला नाय. तू पाना मागितलास त्या दिवशी ओट्यावर चार माणसं बसली व्हती, आन् माझा उजवा हात त्याच्या आधीच्या उन्हाळ्यापासून थरथरतोय. आईला वाटतं तंबाखू सोडल्यानं होतंय, मी तसंच सांगितलंय. पाना नटावर बसत नाय माझ्यानं. मी करायला गेलो असतो तर चौघांना दिसलं असतं. तू केलं असतंस तर म्हणाले असते, कारभारीचा हात आता पोरगी चालवती. म्हणून देवाला पुढं केलं. तुझं मनगट माझ्या लाजंपायी मोडलं. हे तुला सांगायलाच पाहिजे व्हतं आन् माझ्याशिवाय कुणाला म्हाईत नव्हतं. तीन दिवस झाले हे पत्र लिहितोय, अक्षर बघितलंस म्हंजे कळंल. रविवारी सकाळच्या एसटीनं येतोय. येऊ नका म्हणायचं असलं तर आईला फोन कर, ती स्पीकरवर ठेवंल. नायतर पाने घेऊन ठेव. काम तू कर, मी मधी बोलणार नाय. मी नुसती बॅटरी धरतो. उजेड हालंल, तेवढं चालवून घे.

तुझाच,
अप्पा