बांधलेली लेस

बुधवार, १० जुलै

प्रिय धाकटीस,

तुझ्या मोठ्या जावेचे आशीर्वाद. तुम्ही सगळे खुशाल असाल. मी बरी आहे. गुडघा कुरकुरतो, पण कामाला जाते. अजून त्याच फुटबॉल क्लबात, त्याच धुलाईच्या खोलीत. कपडे धुवायचं यंत्र नवं आलं, एवढाच काय तो बदल. संध्याकाळी वाचनालयात बसते. अडलेला शब्द पूर्वी ह्यांना विचारायची, आता पुढे वाचत जाते, कधीतरी कळतो.

हे पत्र तुमच्या क्लबाचं सामान सांभाळणाऱ्या माणसाच्या हाती देते आहे. "तुमच्या जाऊबाईंच्याच हातात देईन," म्हणाला. फोन केला तर भाऊजी उचलतात, आणि माझा आवाज ऐकला की त्यांना काहीतरी काम आठवतं.

कालचा सामना तू टीव्हीवर पाहिलाच असशील. आमच्यासारख्या क्लबाला परदेशी क्लबांच्या स्पर्धेत पात्रता फेरी खेळायला मिळाली, यातच गावाला आभाळ ठेंगणं झालं होतं. त्यात चिठ्ठी निघाली ती नेमकी तुमच्या क्लबाची. सीमेपलीकडचे इतके क्लब, आणि त्यातून तुझा लेक, आपला भिंगरी, माझ्या दारात आला.

पाहुण्या संघाची खोली माझ्याकडे होती. मी टॉवेल ठेवत होते तर मागून आवाज आला, "मोठी आई, अजून तोच साबण वापरतेस होय?" वळून बघते तर दाराएवढा झालेला पोर. मी म्हटलं, "वाकून ये, चौकट मोडशील." त्याने मला उचललंच. बाकीची पोरं हसायला लागली तर त्यांना म्हणाला, "हसताय काय, चेंडू मारायला मी हिच्या अंगणात शिकलोय. खिडकीच्या काचा हिच्या, पाय माझा." तुमच्या नोकरीच्या दिवसांत तो माझ्याकडे होता, ती वर्षं तो विसरला नाही. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं.

मग तो बूट बांधायला बसला. दुहेरी गाठ मारली आणि वरून पांढरी चिकटपट्टी गुंडाळली. "आता हिची सुटायची बिशाद नाही," म्हणाला.

सामना एक-एक असा सुटला. तुमचा गोल त्यानेच केला. मी पदराआड टाळी वाजवली.

आता मुद्द्याचं लिहिते. खेळताना तो मधेच खाली बसला आणि लेस बांधू लागला. थोड्या वेळाने परत. मग परत. आमचे प्रेक्षक ओरडले, "अरे, ह्याच्या आईला बोलवा रे लेस बांधायला!" तिकीटवाली माझ्या शेजारी होती, ती म्हणाली, "बूटवाल्या कंपनीचे पैसे मिळत असतील, दाखवतोय." सगळे हसले. मला हसू आलं नाही. त्या गाठीवर चिकटपट्टी होती, धाकटे. ती सुटली नव्हती. तो नुसताच हात ठेवून बसत होता.

हेही असेच बसायचे, तुला आठवत असेल. कारखान्याच्या संघात सगळे चिडवायचे, बायकोने लेस बांधायला शिकवलं नाही म्हणून. मला एकदा म्हणाले होते, "छातीत कोणीतरी मूठ आवळतं. खाली बसलं की सोडतं. पण भर मैदानात बसायला काहीतरी निमित्त नको का?" आणि गेले तेही तसेच, एक गुडघा टेकून, हात बुटावर. लेस बांधलेली होती. बूट मीच काढले ना, मला ठाऊक आहे.

डॉक्टरांनी तेव्हा सांगितलं होतं की काळजाचा स्नायू जाड झाला होता, हे रक्तातून येतं, भावाला आणि पोरांना तपासून घ्या. मी भाऊजींना सांगितलं. भिंगरीची तेव्हा तुमच्या क्लबात निवड व्हायची होती. भाऊजी म्हणाले, "वहिनी, आमच्या रक्ताला नावं ठेवू नका." त्यानंतर तुम्ही तिकडे गेलात आणि आपलं बोलणं तुटलं.

पुढच्या बुधवारी तुमच्याकडे परतीचा सामना. त्याआधी त्याचं काळीज तपासून घे. एक सामना हुकला तर हुकला. मला माहीत आहे लोक काय म्हणतील. समोरच्या क्लबातली बाई, आपल्या संघासाठी डाव टाकते. लोकांना म्हणू दे. तू म्हणू नकोस.

त्याला माझा गालगुच्चा सांग. आता हात पोचत नाही, तरी सांग.

तुझी,
मोठी जाऊ


शुक्रवार, १९ जुलै

धाकटे,

आशीर्वाद लिहायला हात उचलत नाही, म्हणून नुसतंच धाकटे.

तुझा निरोप तिकीटवालीच्या फोनवर आला. मोठे काका कशाने गेले ते डॉक्टर विचारताहेत, सगळं लिहून पाठव. डॉक्टरांना लागेल ते मी तिच्याच फोनवरून तेव्हाच पाठवलं. ह्यांचं वय, दुखणं, चिरफाड केल्यावर काय दिसलं, तिथल्या डॉक्टरांचं नाव. भिंगरीच्या बहिणीलाही तपासायला सांग. भाऊजींनाही. आता तरी कोणी नाही म्हणू नये.

पण तू 'सगळं' म्हणालीस. डॉक्टरांना पुरलं तेवढं सगळं नव्हतं. राहिलेलं इथे लिहिते.

शनिवारी भाऊजींचा फोन आला. माझं पत्र त्यांच्या हाती कसं गेलं ते विचारत नाही. म्हणाले, "वहिनी, कोचनं शिकवून लिहायला लावलं का? एक-एक झालंय म्हणून आता पोराला घरी बसवायचं?" मी म्हटलं, "भाऊजी, मी तुमच्या भावाची बायको आहे." ते म्हणाले, "आणि पगार कोणाचा खाता?" आणि ठेवला.

मग मी विचार केला, घरचे ऐकत नाहीत तर त्यांच्या संघाच्या डॉक्टरांना कळवावं. पण धुलाईवालीचा फोन कोण घेणार? एका कोचने दुसऱ्याला केला तर घेतील. म्हणून मी आमच्या कोचकडे गेले.

त्याने मला खुर्ची दिली. दार लावून घेतलं. सगळं नीट ऐकलं. एवढ्या वर्षांत माझं कोणी इतकं मन लावून ऐकलं नव्हतं. विचारलंसुद्धा, "कधी बसतो, काकू? लांब धावल्यावर, की उडी मारल्यावर? बसला की लगेच उठतो का?" मला वाटलं, डॉक्टरांना सांगायला विचारतोय. मी आठवून आठवून सांगितलं. ह्यांचंही सांगितलं, लांब धाव घेऊन मागे फिरावं लागलं की बसायचे म्हणून. तो म्हणाला, "बरं झालं सांगितलंत. मी बोलतो त्यांच्याशी. तुम्ही निर्धास्त राहा."

आणि मी राहिले गं निर्धास्त.

बुधवारी क्लबाच्या बैठकीच्या खोलीत सगळे टीव्हीपुढे बसले होते. खेळाडूंच्या यादीत भिंगरीचं नाव दिसलं तेव्हा मी स्वतःची समजूत घातली, तपासलं असेल, काही निघालं नसेल. मग खेळ सुरू झाला. आमचा बचाव सांभाळणारा उंच बॅक सारखा त्याच्या अंगावरून पुढे पळायचा आणि त्याला मागे पळायला लावायचा. चेंडू दुसरीकडे असला तरी पळायचा. तिकीटवाली म्हणाली, "ह्याला आज काय विंचू चावला?" मला तेव्हाही कळलं नाही.

भिंगरी बसला की इथे शिट्ट्या वाजायच्या. शेवटचा बसला तेव्हाही वाजल्या. त्याच बाजूने आमची पोरं चेंडू घेऊन गेली आणि गोल झाला. सगळे टेबलांवर चढले. मी पडद्याच्या कडेला बघत होते. तो तसाच होता. एक गुडघा टेकलेला, हात चिकटपट्टीवर. मग कलला.

त्याआधीच मी ओरडले होते म्हणे. मला आठवत नाही.

उरलेला खेळ काल रिकाम्या मैदानावर उरकला, ते तुला कशाला सांगू. तुमची पोरं नुसती उभी होती. आमचा क्लब पुढच्या फेरीत गेला आहे.

आज सकाळी संघ परतला. कपड्यांच्या पिशव्या आल्या, त्यांच्यामागून तो उंच बॅक आला आणि यंत्रापाशी उभा राहिला. मी म्हटलं, "काय रे?" तो म्हणाला, "काकू, मला फक्त पळवायला सांगितलं होतं. कोच म्हणाले, दमसास कमी आहे त्याचा. लेस बांधायला बसला की त्या बाजूने घुसायचं. आजारी आहे असं नाही सांगितलं हो." लहान मुलासारखा रडला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. तो ठेवताना मला वाटलं, हा हात मी कुठल्या तोंडाने ठेवते आहे? त्याला जे सांगितलं गेलं, ते मीच सांगितलेलं होतं.

कोचला विचारलं. "फोन केला होता, काकू, लागला नाही," म्हणाला. माझ्याकडे बघून म्हणाला, हे विशेष. मी धुलाईच्या खोलीची किल्ली त्याच्या टेबलावर ठेवली. पिशव्या न उघडताच ठेवून आले.

भाऊजी मला म्हणाले होते की मी क्लबासाठी करते आहे. धाकटे, मनात तसं नव्हतं. पण झालं तेच. मी तोंड मिटून बसले असते तर तो इतका पळाला नसता. कदाचित तरीही पडला असता, कदाचित नसता. हा हिशेब मला ह्या जन्मात सुटायचा नाही, आणि तू मला तो सोडवून द्यावास असंही नाही.

भिंगरी श्वासाच्या यंत्रावर आहे, डोळे उघडले नाहीत, इतकंच निरोपात कळलं. पुढचं कळवावंसं वाटलं तर कळव. नाही कळवलंस तर मी समजेन.

एक मात्र कर. तो उठला आणि त्याने विचारलं, तर माझ्यावर पांघरूण घालू नकोस. कोणी सांगितलं, कोणाला सांगितलं, सगळं त्याला सांग. त्याचे बूट रुग्णालयाने दिले असतील. त्यांची गाठ सोडू नकोस, तशीच राहू दे. त्याची त्याला सोडू दे.

तुझी जाऊ

(खाली 'मोठी आई' लिहिणार होते. ते त्याला विचारून लिहीन.)