मापात शिवलेलं कव्हर

तीर्थरूप मामांना साष्टांग नमस्कार.

तुमचा गुडघा कसा आहे? मामींनी सांगितलेला शेक तुम्ही घेत नाही, असं आईला कळलं आहे (कोणाकडून ते मी सांगणार नाही, पण मामींचा फोन रोज येतो). आमच्याकडे सर्व खुशाल. 'सर्व' मध्ये मी संगणक धरलेला नाही.

बारावीने आणि मी एकमेकांना दोनदा पाहून घेतलं आणि मग दोघांनीही नकार कळवला, हे तुम्हाला माहीत आहेच. त्यावर बाबांनी शिवणकामाच्या दुकानातला खिडकीजवळचा कोपरा मला संगणक-दुरुस्तीसाठी द्यायचं कबूल केलं. अट एकच. आधी स्वतःचा संगणक जोडून नीट चालवून दाखवायचा, नाहीतर गुपचूप काजं करायला बसायचं. मी सुटे भाग आणले. प्रत्येक स्क्रू पुसून मगच बसवला (आईने विचारलं, "बाळाला न्हाऊ घालतोयस का?"). संगणक सुरू झाला. आणि मग चालता चालता, काही एक न सांगता, डोळे मिटून पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला. नंतर हे रोजचंच झालं.

मी घाबरट आहे, पण पद्धतशीर घाबरतो. आधी वाटलं, तापत असेल. हात लावला, तर माझाच हात जास्त गरम. मग मेमरीच्या पट्ट्या एकेक काढून पाहिल्या. मित्राचा पॉवर सप्लाय मागून आणला (तो त्याने अजून परत मागितलेला नाही, म्हणजे त्याचाही संगणक त्याला आवडत नसावा). काही फरक नाही. शेवटी लक्षात आलं की बाबा जेवायला गेले की हा गुणी मुलासारखा चालतो आणि बाबा मशीनवर बसले की कोसळतो. थोडक्यात, माझ्यावरच गेला आहे.

मला वाटलं, बाबांच्या मशीनची मोटर वीज ओढते. म्हणून घरातून वेगळी वायर आणली, तरी तेच. मग बाबांना विनंती केली की मोटर काढून जरा पायाने मशीन चालवा. "तुझ्या डब्यासाठी मी या वयात पाय हलवू?" म्हणाले, पण हलवले. संगणक तरीही बंद पडला. "अंगण वाकडं म्हणून झालं," बाबा म्हणाले, "आता नाचायचं बघ."

आता कव्हरबद्दल सांगायला हवं. संगणक जोडला त्याच दिवशी बाबांनी कोणाला न सांगता त्याला कव्हर शिवलं. सुटाचं उरलेलं कापड, आतून अस्तर, हवेच्या जाळीपुढे खिडकी, तिला पट्टी, आणि पुढे वरपासून खालपर्यंत बटणं. तुम्ही बाबांना ओळखता. ते तोंडाने कौतुक करत नाहीत, शिवतात. मी कव्हर काढलं की ते येता-जाता पुन्हा घालतात आणि गळ्याचं बटणसुद्धा लावतात. काल मला दिसलं की त्यातलं चौथं बटण संगणकाच्या रीस्टार्टच्या बटणावर बरोबर येतं. मशीन धडधडलं की टेबल हलतं, टेबल हललं की बटण बटणावर टेकतं. म्हणजे दोष निघाला तो बाबांच्या मायेत. हे त्यांना सांगितलं तर आयुष्यात त्यांनी मला दिलेली एकुलती एक शाबासकी मी परत केल्यासारखं होईल. नाही सांगितलं, तर काजं.

मामींना नमस्कार.

तुमचा आज्ञाधारक भाचा

ता. क. आता मुद्द्याचं. असंच कव्हर तुम्हाला हवं आहे आणि नमुना म्हणून हेच पाठवा, असं तुम्ही बाबांना कळवाल का? बायकोच्या भावाला नाही म्हणायची त्यांची टाप नाही (हे वाक्य आईचं). तुमच्याकडे संगणक नाही, हे मला ठाऊक आहे. मिक्सरला घाला.

ता. क. दुसरा. कृपया वरचं काही करू नका. पाकीट चिकटवण्याआधी खात्री करावी म्हणून बाबा चहाला गेल्यावर मी कव्हर काढून ठेवलं. ते येऊन मशीनवर बसले आणि संगणक उघड्या अंगाने बंद पडला. "कव्हर का काढलंस?" मला खोटं सुचलं नाही, सगळं सांगितलं. बाबा रागावतील असं वाटलं होतं, पण त्यांचा चेहरा उजळला. "म्हणजे माझं बटण निर्दोष सुटलं! आता उसव सगळं. वरवर ठिगळं लावून फिटिंग येत नसतं." सगळं उसवलं. मदरबोर्ड उचलला, तर त्याच्या खाली एक टाचणी. जोडायला दुसरी जागा नव्हती म्हणून मी संगणक बाबांच्या कापायच्या टेबलावर जोडला होता. मशीन चाललं की ती टाचणी थरथरायची आणि मदरबोर्डला नको तिथे टेकायची.

"टाचणी माझी," बाबा म्हणाले, "पण आत घातलीस तू."

त्यानंतर मशीन आणि संगणक शेजारी शेजारी चालू आहेत. मघाशी शेजारचे औषधवाले त्यांचा रखडत चालणारा संगणक घेऊन आले. मी तोंड उघडायच्या आत बाबांनी तो खिडकीजवळच्या कोपऱ्यात ठेवून घेतला, आणि गळ्यातली टेप काढून त्याचं माप घेतलं.