तुझी साक्ष मी दिली

आई, तुला जाऊन एकोणीस वर्षं झाली, आणि रविवारी चर्चमध्ये मंडळीपुढं तुझी साक्ष मी माझी म्हणून देऊन आले. आधी हे कबूल करते.

यांना अर्धांगवायू झाल्याला आठ महिने झाले. अंबरपेठेतल्या या दोन खोल्यांत कूस बदलणं, भरवणं, पुसणं मी एकटीच करते. कोणी मदतीचं विचारलं की "नक्को, जमतंय" म्हणून मोकळी होते. दुःख म्हणशील तर तेही होत नाही. हात अवघडून बधिर व्हावा तशी सगळीच झालेय. प्रार्थनेला डोळे मिटते आणि डाळ भिजत घालायची राहिली एवढंच मनात येतं. त्यामुळे पाळकबाईंनी "उठा, प्रभूनं कसं बळ दिलं ते सांगा" म्हटल्यावर माझी पंचाईत झाली. आपल्या मराठी मंडळीत आता माणसं उरली पस्तीस-चाळीस, कोणाच्या आड लपणार?

उभी राहिले आणि तोंडातून तुझंच बाहेर आलं. बाबा गेले त्या वर्षी तू उभी आहेस, दवाखान्यातल्या आयाची पांढरी साडी नेसून, आणि मी तुझा पदर धरलाय. प्रभूनं माझं ओझं उचललं, मला विसावा दिला, असं तू सांगतेस आणि आवाज जराही हलत नाही. मला सगळं शब्दन्‌शब्द पाठ. बायका रडल्या. मला मात्र काहीच झालं नाही, उलट तुझाच राग आला. एवढी खंबीर कशी गं होतीस तू? मी रडायला लागले की "भात खा आधी" म्हणायचीस, बस्स.

बाहेर चपला घालताना मावशींनी गाठलं. त्याच, तुझ्याबरोबर वॉर्डात ड्यूटी करायच्या त्या.

"पोरी, ही तर तुझ्या आईची साक्ष. तुझी कुठंय?"

"माझी नाहीच, मावशी! मला काही वाटतच नाही. विश्वास उडालाय बहुतेक."

"हौ, तीपण हेच बोलली होती, ती साक्ष देऊन आल्यावर, इथंच पायऱ्यांवर. आत नुसता दगड झालाय म्हणे, तरी प्रभूवरच टाकलंय, मला आता पेलत नाही. मग तुला माझ्याकडं सोपवली अन्‌ माझ्याच घरात संध्याकाळपर्यंत झोपली."

हे मला कधी का नाही सांगितलंस? इतकी वर्षं मी जिच्याशी स्वतःला ताडून पाहत होते, ती खंबीर बाई कधी नव्हतीच की!

मी "नक्को, नक्को" म्हणत असतानाच मावशी माझ्या ऑटोत बसल्या. घरी आल्यावर यांच्या उशाशी खुर्ची ओढली आणि मला आतल्या खोलीत पिटाळलं. दुपारचा दीड वाजला होता, खाली भाजीवाला तेलुगूत ओरडत होता. मी गुडघेसुद्धा टेकले नाहीत, तशीच आडवी झाले. "प्रभू, मला पेलत नाही, तू बघ," एवढंच म्हटलं. वाटलं काहीच नाही. तरी खांदे सैल पडले.

हे पत्र पाठवायचं कुठं? पवित्र शास्त्रातही ठेवता येत नाही, यांची बहीण आली की तेच आधी उघडते. फाडूनच टाकेन. फक्त एक राहिलं. त्या प्रार्थनेला मी आमेन म्हटलं नाही, आई. त्याआधीच झोप लागली.